‘बरवा’ या शब्दाचे चरित्र



कापसाचा भाव, कालव्याचे पाणी, गावचे राजकारण असे जिव्हाळ्याचे विषय बाजूस ठेवून एका शब्दाची कुळकथा सांगावयास आम्ही आज आपल्यापुढे उभे आहो, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु हा शब्द पंडितांच्या कपाटातला नव्हे. आपल्यापैकी प्रत्येकाने तो आज सकाळपासून निदान दहा-वीस वेळा उच्चारला असेल. ‘काय, बरे आहे ना?’ असे शेजाऱ्याला विचारले असेल, ‘बरं का’ म्हणून गोष्टीला सुरुवात केली असेल, आणि ‘बरं, येतो’ म्हणून त्याचा निरोपही घेतला असेल. हा आमचा आजचा चरित्रनायक. चरित्रे थोरांची लिहितात, आणि हा शब्दही एके काळी थोर होता. त्या वेळी तो ‘बरवा’ या रूपात वावरत असे आणि सौंदर्य सांगावयाच्या कामी त्याला मराठीत मोठा मान होता.

पुरावा शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. वारकऱ्यांच्या भजनाचा आरंभ ज्या रूपाच्या अभंगाने होतो, तो ज्ञानदेवांच्या नावावरचा अभंग आपणां सर्वांना पाठ आहे. विठ्ठलाचे रूप डोळ्यांनी पाहिले आणि सुख झाले, एवढाच त्याचा आशय. त्या रूपाला कवीने विशेषण लावले आहे ते एकच, आणि ते म्हणजे ‘बरवा’. आता आपल्या आजच्या मराठीप्रमाणे त्याचा अर्थ केला तर काय होईल? ‘विठ्ठल बरा आहे!’ म्हणजे फारसा वाईट नाही, चालेल. असा अर्थ कोणी केला तर वीणेकरी बुवा त्याला फडावरून उठवून लावतील. गाताना आपण मनात ‘सुंदर’ असाच अर्थ धरतो, आणि घरी आल्यावर तोच शब्द ‘ताप उतरला, आता बरे आहे’ असा वापरतो. एकाच शब्दाची ही दोन आयुष्ये एकाच घरात नांदत आहेत, आणि एकाला दुसऱ्याची ओळख राहिलेली नाही.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशाला सांगितली गेली. नेवासे प्रवरेकाठी आहे, आणि प्रवरेचे पाणी पुढे गोदावरीला मिळून पैठणावरून आपल्या तालुक्याच्या वेशीला येते. तेव्हा ज्या भाषेविषयी आम्ही बोलत आहो ती परमुलखाची नव्हे. पैठणच्याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ साली जी ज्ञानेश्वरी छापली, तिची जुनी पोथी त्यांना मिळाली तीही आपल्या बीडच्या पाटांगणावर. जुनी मराठी जपण्याचे श्रेय या परिसराकडे असे पुन्हा पुन्हा येते.

ज्ञानेश्वरीत आणि त्याच काळच्या महानुभावांच्या ग्रंथांत ‘बरवा’ हा शब्द ठायी ठायी भेटतो. बरवा म्हणजे सुंदर आणि बरवेपण म्हणजे सौंदर्य. परंतु येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. त्याही काळी या शब्दाला ‘चांगले, उत्तम, हिताचे’ असा दुसरा अर्थ होताच. रूप बरवे असे, तसे बोलणेही बरवे असे आणि करणीही बरवी असे. डोळ्यांना सुखवणारे आणि जिवाचे हित करणारे या दोहोंसाठी आपल्या पूर्वजांनी एकच शब्द ठेवला होता. व्युत्पत्तिकार त्याचे नाते संस्कृतातील ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ या शब्दाशी जोडतात. लग्नातला नवरदेवही ‘वर’ म्हणवतो. पुढे पुष्कळांना त्या पदाला साजेसे वागणे जमत नाही, तो भाग निराळा.

असा हा कुलीन शब्द पुढे कसा उतरत गेला ते पाहू. प्रथम त्याच्यातले रूप निघून गेले आणि केवळ हित उरले. ‘बरे केलेस’, ‘बरे झाले’ या बोलण्यात तो अर्थ अजून शिल्लक आहे. मग त्यातून आरोग्याचा अर्थ आला. दुखण्यातून उठलेला माणूस ‘बरा’ झाला. मग हिताचीही धार बोथटली आणि ‘बरा’ म्हणजे कामचलाऊ असे झाले. ‘त्यातल्या त्यात बरा’ ही आपली नेहमीची शिफारस. आडतीवर ‘माल बरा आहे’ असे म्हटले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण भाव पडणार हे त्याला कळते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात उत्तम आणि चांगला यांच्यानंतर ‘बरा’ येतो, आणि ते वाचून कोणी बाप पेढे वाटत नाही. पुढची पायरी म्हणजे ‘बरेच’. बरेच लोक, बरेच दिवस, बरेच कर्ज. येथे रूपही नाही आणि हितही नाही, आहे ती केवळ मोजणी. आणि शेवटची पायरी म्हणजे बोलता बोलता अडखळल्यावर तोंडातून निघणारे ‘बरं’. त्याला अर्थच उरलेला नाही. जाता जाता एक खुलासा करावयास हवा. ‘बरोबर’ हा शब्द या कुळातला नव्हे. तो फारसीतून आलेला पाहुणा आहे, केवळ तोंडवळा सारखा.

गोव्यात मात्र या शब्दाचे दिवस इतके फिरलेले नाहीत. तेथे कोंकणीत ‘बरें’ म्हणजे चांगले, आणि ते पुरेपूर चांगले. उपकार करणाऱ्याला तेथील माणूस ‘देव बरें करूं’ म्हणतो. आपण कोणाला असा आशीर्वाद दिला तर तो विचारील, ‘का हो, मी आजारी दिसतो की काय?’

कोणी म्हणेल, एका शब्दाचे ग्रह फिरले, यात विशेष ते काय? विशेष असे की ही कथा एकट्याची नाही. दुसरा शब्द घेऊ. तो ‘चांगला’. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे थोर जैन आचार्य होऊन गेले. संस्कृतात ज्यांचे मूळ सापडत नाही असे प्राकृत बोलीतले शब्द त्यांनी ‘देशीनाममाला’ या कोशात गोळा केले. हा कोश पिशेल या जर्मन पंडिताने संपादून १८८० साली मुंबईत प्रसिद्ध केला. त्यात ‘चंग’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ दिला आहे ‘चारु’, म्हणजे सुंदर. हाच आपला ‘चांग’, आणि त्याचाच ‘चांगला’.

ज्या प्राकृतातून मराठी जन्मली तिचे मोठे पीठ आपल्या उशाशीच होते. ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह सातवाहन राजा हालाच्या नावावर आहे, आणि सातवाहनांची राजधानी पैठण. गोदेकाठच्या शेतकऱ्यांचे, त्यांच्या सुनाबाळांचे जीवन त्या गाथांत आहे. ‘चंग’सारखे शब्द त्या प्राकृताच्या घराण्यातले. ते राजसभेतून उतरले नाहीत, ते रानातून आणि अंगणातून आले.

या ‘चांग’ शब्दाचे अवशेष आजही दिसतात. चांगदेव, चांगुणा ही नावे पाहा. चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळून भक्त ज्योतिबाच्या नावाने ‘चांगभलं’ असा घोष करतात. पंजाबात ‘चंगा’ म्हणजे चांगला. हिंदीत ‘चंगा’ म्हणजे निरोगी, दुखण्यातून उठलेला. श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच की हा शब्द थेट बरवाच्याच वाटेने गेला. तिकडचा रोगी ‘चंगा’ होतो, इकडचा ‘बरा’ होतो. दोघांच्याही अंगावर एके काळी सौंदर्याची वस्त्रे होती. आणि मोजणीची पायरी चांगल्यालाही चुकली नाही. ‘चांगले दोन तास ताटकळलो’, ‘चांगला चोप दिला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या ताटकळण्यात किंवा चोपण्यात चांगले काहीच नसते. तेथे चांगला म्हणजे पुष्कळ.

तिसरा शब्द तर परदेशी आहे. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्याच्याही आधी कित्येक शतके येथे फारसीचा अंमल होता. त्या काळातल्या वडीलधाऱ्यांना उर्दू चांगली येत असे. त्यांना ‘खूब’ या शब्दाचा मूळ अर्थ सांगावा लागत नसे. फारसीत खूब म्हणजे चांगले, सुंदर. ज्याची सूरत खूब तो खूबसूरत. मराठीने हा पाहुणा घरात घेतला आणि त्याचे ‘खूप’ केले. खूप म्हणजे पुष्कळ! खूप पाऊस, खूप त्रास, खूप डास. खूबसूरतीतला खूब डासांच्या संख्येपर्यंत आला. मूळचा अर्थ ‘खुबी’ या शब्दात तेवढा जीव धरून राहिला आहे.

एक देशी, एक संस्कृताशी नाते सांगणारा आणि एक फारसी. तिघांची कुळे निराळी, आणि तिघांचा प्रवास एकच. तेव्हा हा योगायोग नव्हे. भाषेच्या स्वभावातच असे काही असले पाहिजे. त्याला दुजोरा सातासमुद्रापलीकडून मिळतो.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सौंदर्याला ‘व्लिते’ असा शब्द होता. आज तो इंग्रजांनाही ठाऊक नाही. कोशकारांना आणि जुन्या इंग्रजीच्या अभ्यासकांना तेवढा ठाऊक आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, दरबारात फ्रेंच भाषा आली, आणि त्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून ‘ब्यूटी’ हा शब्द आला. पुढच्या काही शतकांत व्लिते नामशेष झाला. परंतु त्याच जुन्या इंग्रजीतला सौंदर्याचा दुसरा शब्द जगला, आणि तो आपल्याही ओळखीचा आहे. तो म्हणजे ‘फेअर’. मूळ अर्थ सुंदर. पुढे त्याच्या तीन वाटा झाल्या. एका वाटेने तो न्यायाकडे गेला. आपल्या रेशनच्या दुकानावर ‘रास्त भाव’ असे लिहिलेले असते, त्याचे इंग्रजी ‘फेअर प्राइस’. मुलांची ‘फेअर वही’ही तशीच, खाडाखोड नसलेली. दुसऱ्या वाटेने तो मध्यमपणाकडे गेला. इंग्रजी शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘गुड’च्या खाली ‘फेअर’ लिहितात, अगदी आपल्या ‘बरा’च्या जागी. आणि तिसऱ्या वाटेने तो कातडीच्या रंगाकडे गेला. फेअर म्हणजे गोरा. या तिसऱ्या वाटेविषयी आम्हांला पुढे थोडे बोलावयाचे आहे.

शब्दांची अशी उतरण का होते? आमच्या मते याची कारणे दोन. पहिले कारण माणसाचा भिडस्तपणा. स्तुतीचे शब्द आपण सढळ हाताने वाटतो. पाहुण्याने केलेला पोहा, पुतण्याने म्हटलेले गाणे, साहेबांचे भाषण, सर्वांना एकच उत्तम शब्द. जो शब्द सर्वांना मिळतो त्याची किंमत कोणालाच वाटत नाही. जुन्या लोकांना हाली शिक्का आणि कलदार यांतला फरक ठाऊक होता. दोन्ही रुपयेच, पण निजामाचा हाली रुपया देऊन इंग्रजी कलदार घ्यावयाचा तर वर बट्टा द्यावा लागे. शब्दांचेही तसेच होते. जुना शब्द हाली होतो आणि मग लोक नवा कलदार शोधतात.

दुसरे कारण असे की नवा कलदार बहुधा वरच्या दर्जाच्या भाषेतून येतो. इंग्रजांना तो फ्रेंचमधून मिळाला, आपल्याला संस्कृतातून. तेराव्या शतकातल्या रूपाच्या अभंगात विठ्ठल ‘बरवा’ आहे, आणि सतराव्या शतकातल्या तुकोबांचा ध्यानाचा प्रसिद्ध अभंग त्याच विठ्ठलासाठी ‘सुंदर’ या शब्दाने सुरू होतो. याचा अर्थ ज्ञानदेवांच्या काळी ‘सुंदर’ नव्हता किंवा तुकोबांच्या काळी ‘बरवा’ संपला होता, असा नव्हे. दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदत होते. पण मानाचे पान कोणाकडून कोणाकडे सरकले ते या दोन अभंगांवरून कळते. आणि आता ‘सुंदर’चीही झीज सुरू झाली आहे. ‘सुंदर चहा’, ‘सुंदर व्यवस्था’ आपण ऐकतोच. मोबाइलवर कोणी छायाचित्र पाठविले की खाली दहा जणांचे ‘सुंदर’, ‘अतिसुंदर’ येते, आणि त्यातल्या निम्म्यांनी ते उघडूनही पाहिलेले नसते.

येथपर्यंत ऐकल्यावर कोणी विचारील, शब्द झिजले तर झिजोत, आपले काय बिघडले? श्रोतेहो, आपले बिघडते ते येथे. डोळ्यांचे सुख आणि जिवाचे हित एका शब्दात नांदत होते तोवर सौंदर्याचा विचार करताना हिताचा विचार सुटत नसे. पुढे ‘बरा’ आणि ‘चांगला’ हे शब्द वागणुकीकडे आणि प्रकृतीकडे गेले, ‘सुंदर’ डोळ्यांकडे गेला, आणि वाटणी झाली. वाटणी झाली की भाऊ भाऊ भांडतात.

हे भांडण आपल्या घरात कधी दिसते? मुलगी पाहावयाचा कार्यक्रम होतो तेव्हा. पाहुणे चहापोहे घेऊन जातात, आणि दोन दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप येतो, ‘मुलगी बरी आहे’. त्या एका शब्दाने आईबापांची मान खाली जाते. आणि नकार गोड करावयाचा असला की म्हणतात, ‘मुलगी स्वभावाने चांगली आहे हो, पण...’ त्या ‘पण’च्या पुढे काय असते ते सर्वांना ठाऊक आहे. ज्या शब्दाने ज्ञानदेवांनी विठ्ठलाच्या रूपाचे सुख सांगितले, त्याच शब्दाने आपण शिकलेल्या, कामसू, शहाण्या मुलीला नापास करतो. आणि जो ‘चांग’ मुळातच सुंदर होता, तो सुंदर नसल्याची सांत्वना म्हणून पुढे करतो. भाषेच्या इतिहासात यापेक्षा मोठी थट्टा आम्हांला आढळली नाही.

आता फेअरची ती तिसरी वाट. इंग्रजांच्या भाषेत सौंदर्याचा शब्द गोऱ्या कातडीला चिकटला. आपल्याकडेही गोरेपणाचे वेड काही कमी नाही, ते आधीपासूनचेच. पण इंग्रजी शब्दाने त्याला नवी प्रतिष्ठा दिली. लग्नाच्या जाहिरातीत ‘फेअर’ हा शब्द वर्षानुवर्षे छापला गेला. १९७५ साली हाच शब्द नावात घेऊन चेहऱ्याला लावावयाचे एक मलम बाजारात आले आणि खेड्यापाड्यांच्या टपऱ्यांपर्यंत पोचले. पुढे जगभर या गोष्टीवर टीका झाली आणि २०२० साली त्या मलमाच्या नावातून तो शब्द काढून टाकण्यात आला. डबीवरचे नाव एका दिवसात बदलता येते. मनातली मोजपट्टी तशी बदलत नाही.

येथे आपला बरवा आपल्याला एक गोष्ट शिकवतो. ज्याला तो शब्द लावला तो देव कोणत्या रंगाचा आहे? सावळा. पंढरपूरचा विठ्ठल काळ्या पाषाणाचा आहे, आणि त्याला बरवा म्हणताना कोणाही संताची जीभ अडखळली नाही. बरवेपणाला रंगाची अट नव्हती. पाहिल्यावर सुख झाले, मन निवले, हीच त्याची कसोटी. ज्या रूपाने पाहणाऱ्याचे बरे होते ते बरवे. शब्द जरी झिजला तरी आपल्या भाषेच्या बुडाशी ही समज आहे, आणि ती उसनी आणावयाची नाही.

मग ‘बरवा’ पुन्हा व्यवहारात आणावा काय? तसा आमचा आग्रह नाही. व्यवहारातून गेलेला शब्द ठराव करून परत येत नसतो. उद्या गेवराईच्या बाजारात कोणी ‘काय बरवे वांगे आहे!’ म्हणाला तर भाजीवाली त्याला दुप्पट भाव सांगेल. आमचे मागणे इतकेच की भजनात हा शब्द आला म्हणजे तो कोणत्या तोलाचा आहे हे आपल्या मुलाबाळांना सांगावे. घरातल्या आजीला ‘साजिरे’, ‘गोजिरे’, ‘नेटके’, ‘देखणे’, ‘रेखीव’ असे शब्द येत असतील तर ते तिच्याकडून ऐकून घ्यावेत, कारण त्यांतल्या प्रत्येकाने सौंदर्याची निराळी तऱ्हा टिपलेली आहे. ‘सुंदर’ या एकाच शब्दावर सगळा भार टाकला तर तोही लवकरच ‘खूप’च्या रांगेत जाऊन बसेल.

आणि स्तुतीचा शब्द असो की निंदेचा, माणसाला लावताना तो क्षणभर तळहातावर घेऊन पाहावा. विशेषतः दुसऱ्याच्या लेकीविषयी निरोप पाठवावयाचा असेल तेव्हा. ‘मुलगी चांगली आहे’ असे म्हणून थांबावे, पुढचा ‘पण’ गिळून टाकावा. आपल्या भाषेच्या जुन्या साक्षीने पाहिले तर तेवढ्यात तिचे सौंदर्यही सांगून झालेले असते.